बाण कुणाकडून कुणाकडे

नाही, पण मी म्हणतो, टाळ्या वाजवल्या तर बिघडलं काय? पोटची मुलगी समोर व्यासपीठावर उभी, आणि शेजारचा चष्मेवाला मला म्हणतो, ‘‘काका, अजून सुरुवात व्हायचीय!’’ अहो, तुमची व्हायचीय, माझी तीस वर्षांपूर्वीच झाली! तुम्हाला सांगतो, मुलगी माझी आहे!

मी आपला लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आणि ही काय करते? तर यीस्ट... तेच हो, पाव फुगवणारं... त्याच्या एवढ्याशा पेशीत हजारो जनुकं, त्यातलं कोण कुणाला ‘ऊठ’ म्हणतं, कोण कुणाला ‘गप बस’ म्हणतं, ते ही हुडकते. डोळ्यांना दिसत काही नाही हं! नुसते आकडे. कोण कधी वाढलं, कोण कधी घटलं. त्यावरून कॉम्प्युटर बाण काढतो, याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिसरीकडेच... मांजरानं लोकरीचा गुंडा विस्कटला तरी बरा दिसेल!

तर तिच्या मोठ्या सरांनी सहा वर्षांपूर्वीच जाहीर करून टाकलेलं, की सात नंबरचं जनुक नऊ नंबरला चालवतं. का? तर सात वाढलं की नऊ वाढतं! आवाज असा, विहिरीतून आल्यासारखा, ‘‘आकडे स्पष्ट आहेत.’’ आणि ही भर बैठकीत म्हणते, ‘‘सर, दोघं बरोबर वाढतात म्हणजे एक दुसऱ्याला वाढवतं, असं नाही.’’ भर बैठकीत! मुलगी माझी आहे, मान्य, पण मोठ्या सरांना असं तोंडावर? सर महिनाभर धड बोलले नाहीत. ही फोनवर रडते, ‘‘बाबा, मीच चुकत असेन का?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, लिफ्ट अडली की आम्ही काय करतो? एकेक गोष्ट बंद करून बघतो. रडतेस काय!’’

दीड वर्ष खपली हो. आणि परवा त्या सभागृहात, पडद्यावर बोट ठेवून, शांतपणे... ‘‘आम्ही सात नंबर बंद केलं. नऊ तरीही वाढलं.’’ आणि लगेच पुढे, ‘‘मग बेचाळीस बंद केलं.’’ ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, ते बेचाळीस! ‘‘सातही बसलं, नऊही बसलं.’’ म्हणजे दोघांचा मुकादम तिसराच!

मोठे सर उठले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तर ते म्हणाले, ‘‘सहा वर्षं माझा बाण चुकीचा होता,’’ आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली! मी? मी रुमाल शोधत होतो. मुलगी माझी आहे हो!

मग त्यांनी विचारलं, ‘‘पण ही शिस्त तू शिकलीस कुठे?’’ मी लगेच कॉलर नीट केली, ताठ बसलो, उठून नमस्कार करावा की बसूनच, याचा विचार करतोय तोवर ही म्हणते,

‘‘आईकडून, सर. घरात काहीही बिघडलं की आई आधी बाबांना बाहेर पाठवायची, आणि मग बघायची, आपोआप सुरू होतंय का.’’

अख्खं सभागृह मागे वळून माझ्याकडे बघतंय! आणि खोटं तरी कशाला सांगू, बहुतेक वेळा व्हायचंच हो सुरू!