राणीछाप

नाय शेठ, ते अक्षर नाय घासून देणार. आन त्या कपाटावर रेलू नका, काच हाय. — पायजे तर हा राणीछाप रुपया तसाच घ्या, मागं बारीक 'नक्कल' लिवलंय, उघड माल हाय. खालापूरच्या वकिलाला मी सोता इचारून आलोय — जुन्या नाण्याची नक्कल, नक्कल म्हणून विकली तर चालतं. अक्षर घासून, खरं म्हणून कुणाच्या गळ्यात मारली, की फसवणूक. मग बसा खडी फोडत! — काय म्हणता? विकायचा नाय, सासऱ्याला भेट द्यायचाय? तो बापडा तर खराच समजणार ना!

कुणाला कळत नाय, हे मला नका सांगू. बारीक कानस मारली, वरनं चांदीचं पाणी दिलं — पाच मिनटाचं काम. मला कसं ठाऊक? आता धंदाच माझा, ठाऊक असणारच की... असं बघू नका शेठ. केलंय. एकदाच. विकाय नाय केलं, देवाशपथ. घरच्या देव्हाऱ्यात ठेवाय केलं.

आमच्या आईचा राणीछाप होता — खरा, चांदीचा. तिच्या सासूनं, बायजानं, लग्नात ओटीत घातलेला. आई लक्ष्मी म्हणून रोज हळदकुंकू वाहायची. दोन सालांमागं जुनी नाणी जमवणारा एक जण नेरळहून आला, भाव सांगितला, आन माझी मती फिरली. खरा त्याला दिला, नकली देव्हाऱ्यात. हे कपाट त्याच रुपयाचं — म्हणून म्हणतो, रेलू नका. म्हटलं, आईला काय फरक? पूजा ती पूजाच.

पण नवरात्र आलं की ती देव उजळाय बसते. चिंच लावून, रगडून रगडून. खऱ्या चांदीला काय होतंय? ह्याला वरनं नुसता मुलामा! अवंदा राणीचा गाल लाल झाला, आतलं तांबं दिसाय लागलं. म्हटलं, संपलं, आता आई जोड्यानं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं! तर ती म्हणते, "संतोष, माझ्याच हातून लक्ष्मी झिजली रं. सासूबाईंनी दिलेली, मला सांभाळता नाय आली." शेजारची भागी म्हणाली, लक्ष्मी रुसली, उपास धर. धरला! चार दिस नुसत्या चहावर हाय. वय चौऱ्याहत्तर, शेठ.

मी ताट घेऊन समोर बसतो. 'खा गं आई' म्हणतो. पुढचं तोंडातनं निघत नाय. खरं म्हणून विकलं तर काय, ते वकिलाला इचारलं — खरं म्हणून आईला पुजाय दिलं तर काय, हे इचाराय तोंडच नव्हतं.

— नाय, पाचशे दिले तरी नाय. ठेवा ते खिशात. तुमचा सासरा पण एखाद दिवशी चिंच लावून बसंल. चला, सरका भायेर, शटर ओढतो. व्हय, भर दुपारी. आई जेवली नाय अजून.