जयश्रीचा उजवा हात

मी सातपाटीचाच, ताई. आज्याची होडी, बाबाची होडी, आणि मी बोईसरला कंपनीत दुपारपाळीला, पण होडी लागली की सकाळचा बंदरावर असतोच, ते काय सुटत नाय. आमच्यात कसं हाय, पुरुषाने दर्यातून आणायचं, आणि मच्छी एकदा किनाऱ्याला पडली की ती बाईची, निवडणं, सुकवणं, बाजार, सगळं तिचं. बोंबील सुकवायची वलांडी असते, बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, तिला बाप्याने हात लावलेला मी पाहिला नव्हता. म्हणजे लहानपणी आईबरोबर मी टांगलेत, जबड्यात जबडा अडकवून दोन-दोनची जोडी, असा भराभर हात चालायचा माझा, पण मिशी फुटल्यावर नाय.

तर काय सांगू तुम्हाला, दिवाळीनंतर बायको, जयश्री, धक्क्यावर घसरली आणि उजवा हात मोडला. डॉक्टर बोलला, सहा आठवडे हात हलवायचा नाय. आई माझी वारलेली, आणि त्याच आठवड्यात बोंबील असा लागला, असा लागला की पाट्या ठेवायला जागा नाय. जयश्री बोलली, तुमी टांगा ना, तुमाला येतं. मी बोललो, हो. आणि बंदरावर गेलो तर तिथे वलांडीसमोरच नितेश, माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि बाकीची पोरं बसलेली. कोणी बायकोची पिशवी जरी धरली तरी हा नितेश बोलायचा, घरात साडी कोण नेसतं रे. आणि आमी हसायचो. मी पाट्या गुपचूप घरी नेल्या आणि बोंबील स्लॅबवर पसरले, कोणाला दिसू नये म्हणून. कोळ्याच्या पोराने असं करावं! बोंबील म्हणजे नुसतं पाणी, त्याला चहूकडून वारा लागतो. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर लगदा, वास गल्लीभर.

जयश्रीने डाव्या हाताने तो लगदा झाडून टाकला. पुढचा माल आला तेव्हा गळ्यातली झोळी काढून ठेवली आणि प्लास्टरच्या हाताने स्वतः गेली टांगायला. मी पोरांत उभा. बघतोय, पण पाय उचलत नाय. दोन दिवस, ताई, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी नितेश उठला, वैनी बाजूला व्हा बोलला आणि टांगायला लागला, सराईत हात. मग मी धावलो. विचारलं, तुला कुठून येतं रे? बोलला, सासुरवाडीला दर टायमाला टांगतो, इथे नाय, तू हसशील म्हणून. मी? मी कशाला हसेन? तो बोलला, माझ्या बोलण्यावर सगळ्यात जोरात तूच हसतोस.

जयश्रीचा हात वाकडाच जुळला. पाटी डोक्यावर घ्यायला वर जातच नाय. आता पाटी मी उचलतो, भर धक्क्यावरून. परवा तिला बोललो, बघ, कोणी हसत नाय. ती बोलली, तेव्हा तरी कोण हसलेलं?

तेव्हापासून जिवाला चैन नाय, ताई. तुमी हे लिहाच. देव करो आणि एखादा पोरगा घरातला हात वाकडा व्हायच्या आधी वाचो.