परतीचा परवाना

कादर : ट्रंक खाली ठेव, अजीजा. या गाडीनं जायचं नाही.

अजीजुन्निसा : पावाची भट्टी सोडून स्टेशनवर कशाला आलात? आणि धापा का टाकताय? बसा आधी.

कादर : आपला गोदीतला इकबाल आलाय मुंबईहून. तिथं नवा हुकूम लागलाय. कराचीला जायला अजून काही लागत नाही, तिकीट काढलं की झालं. पण तिकडून परत यायचं तर परवाना हवा. नसला तर आगबोटीवर चढूच देत नाहीत.

अजीजुन्निसा : मी दोनदा गेले, दोनदा आले. कुणी अडवलं नाही.

कादर : मागच्या खेपेला गोदीतल्या शिपायानं अडवलंच होतं की. तूच सांगितलंस. ‘बाई, सारख्या ये-जा करता, नक्की राहता कुठं?’

अजीजुन्निसा : मी म्हटलं, लोणावळ्यात. लेकीला भेटायला गेले होते, पाहुणी म्हणून. तो हसला आणि म्हणाला, जा.

कादर : तेव्हा हसला. आता त्याच्या हातात हुकूम आहे. मावशी, तुम्ही तरी समजवा हिला.

धोंडाबाई : मी काय समजवू, कादरभाऊ? मी कार्ल्याची सुईण. हुकमातलं मला काय कळतंय? आळीव अन् सुंठ द्यायला आलते पोरीसाठी.

कादर : मी नको जाऊ म्हणत नाही. चार दिवस थांब म्हणतो. पुण्याला कलेक्टर कचेरीत लिहून देतात म्हणे, ही बाई इथलीच आहे, हिला परत येऊ द्या. तो कागद घे आणि मग जा.

अजीजुन्निसा : चार दिवसांत मिळेल?

कादर : इकबालला वाटतं मिळेल.

अजीजुन्निसा : त्याला ठाऊक आहे, की वाटतं?

कादर : वाटतं.

अजीजुन्निसा : आणि मग आगबोट कधी? शहनाजचे दिवस भरत आलेत. जावई ताजुद्दीन दिवसभर रेल्वेच्या कारखान्यात. शेजारी कोण, तर फाळणीनंतर परवा परवा आलेले लोक, त्यांचंच बस्तान बसलेलं नाही.

कादर : मी कुणाला म्हटलं होतं तिकडची नोकरी घे म्हणून? इथल्या रेल्वे शेडमध्ये काय वाईट होतं त्याचं?

अजीजुन्निसा : ते आता काढू नका.

कादर : नाही काढत. मावशी, तिकडं सुईणी असतील ना? दवाखाने असतील. एवढं मोठं शहर आहे.

धोंडाबाई : असतील की.

कादर : मग?

धोंडाबाई : इचारलंच म्हून सांगते. शहनाज माझ्या हातावर झाली. तिचं पयलं बाळ आडवं आलतं, ते बी मीच काढलं. जितं न्हाई निघालं. तवा पोर मला म्हणत नव्हती, हिला म्हणत हुती, अम्मी, हात सोडू नकोस. या टायमाला बी ती तेच म्हणनार. मंग हात कुनाचा धरंल ती?

अजीजुन्निसा : अहो, तुम्हीही चला ना. दोघं जाऊ.

कादर : आणि घर? दोघं गेलो तर लोक म्हणतील, घर टाकून गेले. मग ते सरकारजमा होतं म्हणे. बाजारात कायकाय बोलतात ते तू ऐकत नाहीस. मी इथं दिसलो पाहिजे. रोज भट्टी पेटली पाहिजे.

अजीजुन्निसा : मला भीती वाटत नाही असं समजू नका. पण इथं थांबून ती जाणार आहे का?

कादर : आणि नाहीच सोडलं तुला परत, तर? या वयात तू तिकडं आणि मी इकडं?

अजीजुन्निसा : तुम्ही पुण्याला जा. कागदासाठी बसा कचेरीत. रोज जा. मिळाला की कराचीला पाठवा.

कादर : मी पुण्याला गेलो तर घर बंद दिसेल.

धोंडाबाई : मी बसते तुमच्या वसरीत. तांदूळ निवडत बसंन. कुनी इचारलं तर सांगंन, मालक पुन्याला गेल्यात, सांजच्याला येतील.

कादर : रोज याल कार्ल्याहून?

धोंडाबाई : यीन. न्हाई जमलं तर सुनंला धाडीन.

(घंटा होते. पुण्याकडून आलेली गाडी फलाटाला लागते. कादर ट्रंक उचलून बायकांच्या डब्यात ठेवतो.)

कादर : खिडकीशी बस. बोरीबंदरला इकबालचा भाऊ येईल उतरवायला. गोदीत कुणी विचारलं तर...

अजीजुन्निसा : लोणावळ्यात राहते म्हणून सांगेन.

कादर : हां.

धोंडाबाई : तेल कोमट करून लाव म्हनावं कमरंला. अन् उताणी निजू नकोस म्हनावं.

अजीजुन्निसा : सांगते, मावशी. अहो, शहनाज पहिल्यांदा काय विचारणार ठाऊक आहे ना? अम्मी, किती दिवस राहणार? काय सांगू?

कादर : सांग, अम्मीला घाई नाही.