दगडातली पाणसळ

हॅलो?… हो, बाईच बोलतेय. कोण?… जरा मोठ्यानं बोला, मध्ये वारा फार येतोय… मुकादम? खाणीवरचे मुकादम? अहो, तीन वर्षांनी… मी बरी आहे. काठी असते हातात, पण ती आपली शोभेला.

कुठून बोलताय? खाणीतूनच?… उन्हात की सावलीत?… म्हणजे पश्चिमेच्या भिंतीखाली उभे आहात. या वेळेला सावली तिथेच असते… हो, हो, बॅटरीची एकच कांडी उरलीय, कळलं. मग आधी कामाचं सांगा.

काल?… सुरुंगानं भिंतीत पोकळी उघडली. केवढी?… माणूस बसेल एवढी. अगंबाई. आणि आत काय? कापूस?… नाही ना, बरं झालं. त्या कापसासारख्या पांढऱ्या दगडाला बोट लावल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही… हो, मी ब्रश लावला होता, कबूल. ओल्या मांजरासारखं झालं होतं ते. तुम्ही मला ते मरेपर्यंत ऐकवणार. मग काय, साखर? पंखे?…

नाव नाही म्हणजे? मुकादम, चाळीस वर्षं झाली तुम्हाला त्या खाणीत. प्रत्येक दगडाला पुस्तकात एक नाव असतं आणि तुमचं एक असतं. मला कायम तुमचंच आधी आठवतं. तुम्हाला नाव सुचत नाही असं काय निघालं?… नीट सांगा. रंग?… रंगच नाही. लांबी?… बोटाएवढी. काचेवर ओरखडा उठतो का?… अहो, चष्म्यावर कशाला उठवलात.

…काय हलतं?

पुन्हा सांगा… गवंड्याच्या पाणसळीसारखा. हं… आडवा धरला की बुडबुडा मध्ये येतो, तिरका केला की वरच्या टोकाला पळतो…

मुकादम, खाली बसा… मी बसलेलीच आहे. अहो, त्यात पाणी आहे. स्फटिक वाढत होता तेव्हा आत कोंडलं गेलं, ते तसंच राहिलं. मी नुसतं वाचलंय, पाहिलेलं नाही कधी. एवढे दगड गोळा केले, पण हे कधी हाती लागलं नाही. बुडबुडा केवढा? मोहरीएवढा?… मसुरीएवढा. आणि पळतो कसा, चटकन की आळसावल्यासारखा?… आळसावल्यासारखा. असं.

चव?… मला काय ठाऊक. कोण, वहिनी म्हणतात?… फोडून चाखून बघू? त्यांना म्हणावं, मी हात जोडते, नको. खरं सांगू, विचार माझ्याही मनात आला. पण फोडायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही. आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नाही, पाणी गोठलं की दगड तडकतो… काय?… कुणी ठेवला?… तुम्हीच. भाजीच्या खणात. गारव्याला बरा राहील म्हणून… तडा गेलाय का, बोट फिरवून बघा… नाही ना. देवाची कृपा, आणि तुमचा फ्रिज जुना म्हणून.

भिंतीत अजून किती आहेत?… पंधरा-वीस. आणि छिन्नी लावली की मोडतात… दोन गेले? मग पाणी बाहेर आलं असेल… नुसता ओला डाग. आणि तोही वाळला… असू द्या. पहिल्यांदा मीही तेच केलं असतं. ऐका ना, छिन्नी नको. लाकडी पाचर घ्यायची, स्फटिकाला ओलं फडकं गुंडाळायचं, आणि त्याच्या मुळामागचा काळा दगड बरोबर घेऊन सोडवायचा… किती आत म्हणजे… अहो, फोनवर कसं सांगू? समोर बघून, बोट ठेवून सांगायचं असतं ते.

सोमवारी सकाळी पुन्हा सुरुंग. मग सगळ्याचीच खडी. म्हणजे उद्याचा रविवारच काय तो हातात.

…मी? मी कशी येणार, मुकादम?

आठवण येत नाही कशी? सकाळी जप झाला की मी डोळे मिटून बसते. सून चहासुद्धा आणत नाही, म्हणते आईंचं ध्यान चाललंय. आणि मी असते तुमच्या पत्र्याच्या खोलीपाशी. तिथून उतारानं खाली, तो वाकडा दगड डावीकडे टाकून, भिंतीवर हात फिरवत. देवाला सगळं दिसतं, तो काही बोलत नाही. तो वाकडा दगड आहे ना अजून?… त्याचीही खडी झाली. बरं… मग मला आता वाट बदलायला हवी.

पण मुलाला शब्द दिलाय मी. मांडीचं हाड मोडलं तेव्हा तुम्ही चौघांनी मला खोलीचं दार काढून त्यावर घालून वर आणलंत. तो दवाखान्यात माझ्या पायाशी बसून होता. रागावला नाही. एवढंच म्हणाला, आई, पुन्हा खाणीत उतरणार नाही म्हण. मी म्हटलं. देवाला साक्ष ठेवून म्हटलं.

…वर बसायचं? म्हणजे काठावर तुम्ही खुर्ची टाकणार, आणि खालून एकेक दाखवत विचारणार… थांबा हं. ‘उतरणार नाही’ असंच म्हटलं होतं मी. अगदी हेच शब्द…

…

नाही, मुकादम. शब्द तेवढेच होते. पण तो काय मागत होता ते मला त्या दिवशी चांगलं कळलं होतं. आता कळलं नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? असल्या पळवाटा काढायच्या तर रोजचे नेम कशाला पाळायचे?… हो, जीव तुटतोय. तुटू दे… तसं नाही, अजून एक करता येतं. शब्द मोडायचा नसतो, पण ज्याला दिला त्याच्याकडून परत मागता येतो. तो संध्याकाळी आला की…

आलाय. दारातच उभा आहे. बूटसुद्धा काढले नाहीत… केव्हापासून ऐकतोयस रे?… मुकादम, धरा जरा.

हे बघ बाळा, तुला दिलेला शब्द मला उद्यापुरता परत दे. मी खाली उतरणार नाही, काठावर बसेन. पण तू हो म्हणालास तरच. नाही म्हणालास तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही.

…

आहात ना, मुकादम?… तो कपाळ चोळतोय… तुम्ही मध्ये बोलू नका, त्याचं त्याला ठरवू दे.

काय रे?… मुकादम, तो विचारतोय, बुडबुडा खरंच हलतो का?… हलतो म्हणताहेत. मसुरीएवढा आहे म्हणे… आता विचारतोय, पाणी किती जुनं असेल. अरे, ते त्यांना कसं ठाऊक असणार? तू नव्हतास, मी नव्हते, माणूसच नव्हता तेव्हाचं असेल… मुकादम, एक काम करा, त्या पोकळीवर ओलं पोतं टाकून ठेवा तोवर, आणि…

हॅलो?… मुकादम?… हॅलो?… गेली कांडी.

काय म्हणालास?… गाडी?… जाते की. थेट काठापर्यंत जाते.