भुयारी स्थानकातला आड

सखूवहिनी, सकाळी दोन घास तरी पोटात गेले का? इस्माईलभाई, गुडघा दुखत असेल तर खाली बसू नका, ती खुर्ची ओढून घ्या. शांते, तुझा ताप उतरला का गं? हे सगळं विचारणारा आपला सोपानभाऊ राहिला नाही, म्हणून मी विचारतोय. मला बोलायला उभं केलंय. चुकलंमाकलं पोटात घाला.

मंडळी, वडिवळ्यापासून घोरावाडीपर्यंत कितीतरी विहिरी भाऊच्या हातच्या. उतारवयात तो पुण्याच्या भुयारी मेट्रोच्या कामाला गेला. घरी आला की आम्हाला ते स्थानक समजावून सांगायचा. आधी जमिनीत चारी बाजूंनी काँक्रीटच्या भिंती उतरवल्या. मग वर छत टाकलं. आणि मग छताखालून माती काढत काढत खाली गेले. म्हणायचा, "आमी विहीर बांधतो तसंच की. फकस्त झाकण आदी."

तसं खाली जाताना एक जुना आड लागला. विटा-चुन्याचा. कुठल्याच नकाशात नसलेला. कधीकाळी वस्तीनं त्याचं पाणी प्यायलं, मग वर घरं उठली आणि लोक विसरले. तो बुजवायचं ठरलं. आपल्याकडे विहीर बुजवताना तिला श्वासाला नळी ठेवतात, हे तुम्हाला मी काय सांगू? भाऊनं इंजिनिअर बाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, आराखड्यात जागा नाही. भाऊ जागचा हलला नाही. शेवटी बाईंनी आराखड्यावर पेन्सिलीनं एक लहानसं वर्तुळ काढलं. लिफ्टमागच्या भिंतीत आजही त्या नळीच्या तोंडावर तळहाताएवढी जाळी आहे.

स्थानक सुरू झाल्यावर भाऊ अधूनमधून तिकीट काढून तिथं जायचा. आणि एकदा कामशेतात, चहाच्या टपरीवर, हळूच म्हणाला, "त्या जाळीतून बायका बोलत्यात. पानी भरताना बोलत्यात तशा. शब्द काय कळत न्हाईत."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, भाऊ, त्यातली एखादी घरी आणू नकोस, वहिनी चुलीतलं लाकूड बाहेर काढतील. सगळी टपरी हसली. भाऊही हसला. पण पुन्हा त्यानं ती गोष्ट काढली नाही. कुणापाशी नाही. मरेपर्यंत नाही.

टपरीवरची ती गोष्ट वहिनींच्या कानावर गेली होतीच. परवा त्यांनी मला विचारलं, "भावजी, त्यांना खरंच ऐकू यायचं, का डोक्यावर परिणाम झालता?"

म्हणून काल मी गेलो. जिना उतरलो. जाळीला कान लावला. गाडी आली, गेली. फलाट रिकामा झाला. आणि आत कुजबुज झाली. मंडळी, झाली. एक बाई हसल्यासारखी वाटली. पण ते खरं होतं, का ते खरं असावं म्हणून मी ऐकलं? मित्राला चारचौघांत हसणाऱ्या माणसाचा कान साक्षीला कसा चालेल?

आता आपण दोन मिनिटं गप्प उभे राहू. त्याआधी एकच मागणं. तुमच्यातलं कुणी पुण्याला गेलं तर त्या जाळीपाशी थांबा. गाडी जाऊ द्या. कान लावा. जे ऐकू येईल ते, काहीच नाही आलं तर तेही, दोन ओळींत सखूवहिनींना लिहा. खोटा धीर देऊ नका. पण लवकर लिहा. त्या माउलीनं ज्याच्याबरोबर जन्म काढला, तो माणूस शेवटी शहाणा होता का, एवढंच तिला कळायचं राहिलंय.