मेहुण्याच्या खुर्च्या

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा गाल सुजलेला, मांडीवर सरकारी फॉर्म.

“‘खुर्च्यांचं टेंडर भरणाऱ्यांपैकी कोणाशी आपले हितसंबंध आहेत का?’ आता काय लिहू? तुझ्या दादानेही भरलंय.”

“तुमचा आणि दादाचा संबंध आहे. हित काही मला आजवर दिसलं नाही.”

“अगं, मेहुणा तो मेहुणाच. ‘आहेत’ लिहिलं की मला निवड समितीतून बाहेर पडावं लागेल.”

“पडा की. आत राहिलात तर त्याचं टेंडर पाडल्याशिवाय राहणार नाही तुम्ही.”

“पाडीनच. त्याने आपल्याला दिलेली खुर्ची आठव. पाहुण्यासकट खाली आली.”

“पाहुणाच तेवढा वजनदार होता.”

“माझे साहेब होते ते. महिनाभर कंबर धरून ऑफिसात येत होते.”

“असतील. तुम्ही ‘आहेत’ लिहा आणि सुटा.”

“हे बघ, लिहिलं. सहीसुद्धा केली. झालं समाधान?”

“झालं. आता तुमच्या जागी समितीवर कोण बसणार?”

“साहेबच.”

“कुठले साहेब?”

“तेच.”

“अहो, मग खोडा ते. काही झालं तरी तुम्ही घरचे आहात.”