पेटीला पट्टा

हसू नका, पण रत्नागिरीत नवी गाडी बघायला गेलो तेव्हा मी आंब्याची रिकामी पेटी बरोबर नेली होती. आम्ही आंबा बागायतदार डिकी पेटीनेच मोजतो.

सेल्समनने पेटी आडवी घातली, उभी घातली. डिकीचं दार काही लागेना. मागून छप्पर उतरतं केलेलं, दिसायला बरं म्हणून.

"काका, पण सनरूफ आहे."

"मला आंबे न्यायचेत हो, वाळवायचे नाहीत. साधी गाडी दाखवा."

"ती बंद झाली. हल्ली लोकांना हेच लागतं."

"मग मी कोण?"

जुनी गाडी कायमची बसलेली, आंबा काढणीला आलेला. घेतली हीच.

आता पेट्या सीटवर ठेवतो. पण पेटी ठेवली की गाडीला माणूस बसल्यासारखं वाटतं आणि पट्टा लावेपर्यंत ती कोकलत राहते. परवा देवरूखला सासुरवाडीला आंबे न्यायचे होते. मागे पेट्या, पुढेही पेटी, सगळ्यांना पट्टे बांधले. बायको नवी साडी नेसून बाहेर आली. गाडीत डोकावली.

म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी एसटीने येते."